सजा

शारजाच्या मागे, सिमेंटच्या कारखान्यांपलीकडे
या जागेचं नाव सजा.
अरबीत त्याचा अर्थ काय, मी अजून कुणाला विचारलेलं नाही.
मल्लेश म्हणतो, विचारायचंय काय त्यात,
पाटीवर लिहूनच ठेवलंय.

माझ्या वडिलांना सजा म्हणजे तलाठ्याची हद्द.
पाच गावं, एक दप्तर, कुलपाची एक पेटी.
ते कोतवाल. दवंडी द्यायचे,
सारा भरा हो, सारा भरा,
आणि स्वतःच्या नावावर गुंठाभरही नव्हता.

मी टाइमकीपर.
पहाटे सव्वाचारला बसच्या दाराशी उभा राहून
तीनशे बारा नावं तपासतो.
हजर असला की टिक, नसला की फुली.
एका फुलीला दोन दिवसांचा पगार कापतात.

पगार मार्चपासून झालेला नाही,
पण कापणं चालू आहे.

का, असं विचारलं तेव्हा नादेरसाहेबांनी
टीव्हीकडे बोट केलं.
लांबच्या कुठल्या शहरात माणसं बसली होती,
लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, चिमुकले झेंडे.
पिंपामागे दोन डॉलर उतरले म्हणे.
धनबीर पुन मान वर करून बघत राहिला.
पोखऱ्याला त्याच्या लेकीची फी थकलीये,
ती त्या दोन डॉलरांच्या कुठल्या बाजूला येते
त्याला कळेना.
गुलरेज म्हणाला, आणि चढला होता तेव्हा?
तेव्हा आपला चढल्याचं कुणाला आठवतं?
पंखा फिरत होता. कुणी बोललं नाही.

आधी चहातलं दूध गेलं.
मग शुक्रवारची कोंबडी.
मग खोली नंबर चाळीसमध्ये रुहुल
साबणाच्या वडीचे ब्लेडने सहा तुकडे करून
वहीत उधारी मांडू लागला.

ठरलं ते कपडे वाळत घालतात तिथे.
तिथे कॅमेरा पोचत नाही,
निळे डांगरी पोशाख दोरीवर ओळीने उभे, बिनमुंडक्याचे,
आणि त्यांच्या मागे माणसं.
पश्तूत जे कुणी लांबण लावून सांगितलं
ते हिंदीत आलं, हिंदीतून बंगालीत, नेपाळीत,
आणि तेलुगूत पोचेस्तोवर एवढंच उरलं:
उद्या चढायचं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशेने वाचायला नको.
चारातले दोन पगार मिळाले.
अकरा जणांना विमानात बसवलं, त्यात गुलरेज.
रुहुलची उधारी बुडाली.
कोंबडी परत आली, शुक्रवारची.
त्या टेबलापाशी बसलेल्यांना यातलं काही कळलं असेल
असं मला वाटत नाही.

पण ती पहाट.
पाच बस, इंजिनं चालू, दारं उघडी.
सगळे आले. हेल्मेट घालून, डबे घेऊन,
आणि वाळूत बसले.
घोषणा नाही, काही नाही.
डब्याचं झाकण कुणीतरी उघडलं, त्याचा आवाज झाला तेवढाच.
पोलिसांची गाडी लांब थांबली होती, दिवा फिरवत.

नादेरसाहेब म्हणाले, सगळ्यांना फुली मार.

मी पॅड वर धरलं.
पहिलं नाव वाचलं.
इतक्या वर्षांत मोठ्याने कधी वाचलं नव्हतं,
बिल्ल्यावरचा नंबर बघायचा अन् खूण करायची.
आवाज वडिलांचा निघाला, वेशीवरचा.
अब्दुल मोताब.
हाजिर, वाळूतून उत्तर आलं.
टिक.
दुसरं. हाजिर. टिक.

साहेब, मी खोटं काही लिहिलेलं नाही,
तीनशे बारा होते, मी मोजले.
उजाडलं तरी नावं संपेनात.
सूर्य वर आला तेव्हा शेवटच्या ओळीखाली
कोरी जागा होती,
तिथे मी माझं नाव लिहिलं.
टाइमकीपरचं नाव यादीत नसतं.

खूण काय करायची ते कळेना,
मी अजून उभाच होतो.
रुहुल थोडा सरकला.